गावात प्रौढ साक्षरता वर्ग सुरू करायचाय? नोंदणीपासून परीक्षेपर्यंत काय-काय करावं लागतं

गावातल्या मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचं असेल तर त्यासाठी सरकारची योजना आहे, पुस्तिका मोफत आहेत, परीक्षेला फी नाही आणि पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. एवढं असूनही कितीतरी गावांत वर्ग सुरू होतो आणि परीक्षेच्या दिवशी कळतं की निम्म्या बायकांची नावं यादीतच नाहीत. शिकवणं त्या मानानं सोपं आहे. नावं वेळेत नोंदवून घेणं हे खरं काम.

मी कोरेगाव तालुक्यातली. बचत गटाचे हिशेब लिहिता-लिहिता या कामात आले आणि आता आजूबाजूच्या गावांतल्या पोरी, निवृत्त मास्तर, आशाताई विचारायला येतात की सुरुवात कुठून करायची. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. सातारा-सांगलीच्या हिशेबानं लिहिलंय, पण योजना केंद्राची असल्यामुळे राज्यात कुठंही साधारण हाच मार्ग.

## १. योजना कोणती, ते आधी नीट नावानिशी माहीत करून घ्या

योजनेचं नाव नवभारत साक्षरता कार्यक्रम. लोक आणि शाळा तिला ‘उल्लास’ म्हणतात, कारण ॲपचं नाव उल्लास आहे. २०२२-२३ ते २०२६-२७ अशा पाच वर्षांसाठी ती मंजूर झाली. एकूण तरतूद १,०३७.९० कोटी रुपये, त्यातले ७०० कोटी केंद्राचे, बाकी राज्यांचे. वय १५ आणि त्यापुढचं कुणीही, ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ते यात बसतात. वरच्या वयाला मर्यादा नाही. पंच्याहत्तरीच्या आजी चालतात आणि दुसरीतच शाळा सुटलेला वीस वर्षांचा मेंढपाळाचा पोरगाही चालतो.

राज्यात हे काम पुण्याच्या शिक्षण संचालनालयाच्या योजना विभागाकडे आहे. जिल्ह्यात जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी, योजना. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याखाली केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे प्रमुख), आणि गावात शाळेचे मुख्याध्यापक. ही साखळी लक्षात ठेवा, कारण कुठंतरी काम अडलं की एक पायरी वर जायचं असतं. एकदम सातारच्या जिल्हा परिषदेत जाऊन बसलात तर ते तुम्हाला परत शाळेतच पाठवतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. या योजनेत सगळं शाळेवर उभं आहे: नोंद शाळेच्या नावावर, परीक्षा शाळेत, प्रमाणपत्रही शाळेतूनच हातात येतं.

मानधनाचं काय? हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो, म्हणून इथंच उरकते. शिकवणाऱ्याला मानधन नाही. शिकणाऱ्याला पैसे नाहीत. ‘साक्षर भारत’ नावाची जुनी योजना २००९ ते २०१८ होती, त्यात प्रेरकाला, म्हणजे गावात वर्ग चालवणाऱ्याला, महिन्याला २,००० रुपये होते. ती गोष्ट लोकांच्या डोक्यात अजून आहे. आता शिकवणारा स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. कुणी “नाव नोंदवा, पुढे पगार सुरू होणार आहे” म्हणून फॉर्मचे पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. नोंदणीला कुठंही पैसे लागत नाहीत.

## २. यादी करा, पण घरोघर वही घेऊन फिरू नका

शाळेनं सर्वेक्षण केलेलं असतं. तरी ती यादी पुरी असतेच असं नाही. शिक्षकांच्या माथ्यावर आधीच इतकी अशैक्षणिक कामं आहेत की २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी या सर्वेक्षणावर बहिष्कारच घातला होता. तेव्हा आपली यादी आपण करावी.

मात्र दारात जाऊन “तुमच्या घरात अडाणी कोण आहे?” असं विचारलं की दार बंद होतं. सुनेसमोर सासू कधी सांगणार नाही की मला वाचता येत नाही. त्यापेक्षा जिथं अंगठे उमटतात तिथं बघा: बचत गटाचं हजेरीपुस्तक, रेशन दुकान, रोजगार हमीचं मस्टर. गटाच्या अध्यक्षाला किंवा उमेदच्या (बचत गटांचं सरकारी अभियान) ताईला गावातल्या अंगठेवाल्या सगळ्या पाठ असतात. पुरुषांचं अवघड असतं. ते सही गिरवायला कधीतरी शिकलेले असतात, त्यामुळे कागदावर साक्षर दिसतात. आमच्याकडचे एक तात्या झोकात सही करतात आणि एसटीचा बोर्ड मात्र शेजारच्याला विचारतात, “ही सातारा का फलटण?” असे लोक यादीत घ्यायचे. सही येते म्हणजे वाचता येतं असं धरून चालू नका.

आणखी दोन गट हमखास सुटतात. एक, माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडचे मेंढपाळ, जे वर्षातले काही महिने गावात नसतातच. दुसरे ऊसतोडीला बाहेरून आलेले मजूर. कराड, वाळवा भागात हंगामात त्यांच्या खोपी पडतात, पण ते गावचे नाहीत म्हणून कुणी नाव घेत नाही. ते परीक्षेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, थांबणार नसतील तर त्यांची नोंद त्यांच्या गावच्या शाळेत झालेली बरी. तसं त्यांना समजावून सांगा, एवढं तरी करता येतं.

यादीत प्रत्येकासमोर हे लिहा: आधारवर जसं आहे तसं नाव, वय, मोबाइल कुणाचा आहे, कुठली भाषा सोपी जाईल. शेवटचा रकाना जत तालुक्यात फार महत्त्वाचा आहे. घरात कानडी बोलणाऱ्या बाईला मराठी अक्षरं शिकवायला घेतली तर तिला एकदम दोन गोष्टी शिकाव्या लागतात. परीक्षा मराठीशिवाय कन्नड, उर्दू, हिंदी अशा इतर भाषांतूनही देता येते. मिरजेत उर्दूचा विचार करा. भाषा नोंदणीच्या वेळीच सांगायची असते.

## ३. मुख्याध्यापकांना भेटा

जवळची जिल्हा परिषदेची शाळा धरा. सकाळी परिपाठाच्या वेळी जाऊ नका, दुपारची सुट्टी किंवा शाळा सुटायची वेळ बरी. जाताना यादीची एक प्रत आणि स्वतःचं आधार घेऊन जा.

तीन गोष्टी स्पष्ट विचारा. शाळेला या वर्षी किती जणांचं उद्दिष्ट आहे? नोंदणीचं काम कुठल्या शिक्षकाकडे आहे? आणि पुस्तिका आल्यात का? उद्दिष्ट भरायचं ओझं शाळेवर असतंच. तुम्ही तयार यादी आणि शिकवणारी माणसं घेऊन गेलात तर बहुतेक मुख्याध्यापकांना हायसं वाटतं. एका शाळेत मात्र मला “आमची नोंदणी झाली, आता जागा नाही” असं ऐकायला मिळालं. तेव्हा वाद न घालता केंद्रप्रमुखांना फोन केला आणि नावं शेजारच्या वस्तीशाळेतून नोंदवली. जागा संपत नसते; नोंदणी करणाऱ्याचा उत्साह संपलेला असतो.

ग्रामपंचायतीलाही सांगून ठेवा, विशेषतः संध्याकाळी खोली आणि लाइट हवी असेल तर. ग्रामसभेत विषय मांडताना जुन्या लोकांना एक आठवण करून द्या: मोठ्या माणसांना शिकवायची ग्रामशिक्षण मोहीम १९५९ साली याच सातारा जिल्ह्यात सुरू झाली आणि पुढं राज्यभर गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जिल्हा म्हणून आपण भाषणं ठोकतो, तेव्हा चावडीतली एक खोली मागायला लाजायचं कारण नाही.

## ४. कागदपत्रं आणि सामान

शिकणाऱ्यासाठी:

- आधार कार्ड. नाव, जन्मवर्ष त्यावरूनच भरलं जातं.
- मोबाइल नंबर. स्वतःचा नसेल तर घरातल्या कुणाचा.
- आधार नसेल तर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, बँक पासबुक यांपैकी जे असेल ते घेऊन शाळेत विचारा.
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो जवळ असू द्या. परीक्षेच्या वेळी लागतात.

शिकवणाऱ्यासाठी स्वतःचा स्मार्टफोन, आधार आणि चालू असलेला नंबर. बस्स. डीएड-बीएड लागत नाही. शाळकरी नातवंडंसुद्धा शिकवू शकतात, आणि खरं सांगायचं तर आजी नातीकडून जितक्या लवकर शिकते तितक्या लवकर माझ्याकडून शिकत नाही.

वर्गासाठी पाट्या, खडू, मोठ्या रेघांच्या वह्या, आणि सगळ्यात आधी चष्मे. हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नसतं. चाळिशी उलटली की जवळचं धूसर दिसायला लागतं. पुस्तक हातात आलं की बाई ते लांब धरते, मग डोळे चोळते, मग “डोसकं दुखतंय” म्हणून घरी जाते आणि पुन्हा येत नाही. आपण म्हणतो, हिला गोडी नाही. तिला अक्षर दिसतच नसतं! वर्ग सुरू करण्याआधी सगळ्यांना ग्रामीण रुग्णालयात नेऊन डोळे तपासून आणा. आशाताईंना तपासणीचा वार माहीत असतो. मोतीबिंदू निघाला तर तेही बरंच झालं म्हणायचं.

## ५. ॲपवरची नोंदणी: इथं घाई नको

नोंदणी दोन बाजूंनी होते आणि मग त्या दोन्ही जोडाव्या लागतात. इथंच सगळे फसतात, म्हणून सावकाश वाचा.

पहिली नोंद शिकणाऱ्याची. ती शाळेतले शिक्षक करतात, किंवा घरचं कुणीही उल्लास ॲपवरून करू शकतं. माझं मत, शाळेतच करावी आणि आपण शेजारी बसावं. जिल्हा, तालुका, शाळा निवडताना एकाच नावाच्या दोन शाळा पुढ्यात येतात. प्रत्येक शाळेला स्वतःचा यूडायस क्रमांक असतो. तो कागदावर लिहून घ्या आणि त्यावरूनच शाळा निवडा. नाव आधारवर जसं आहे तसंच. आधारवर ‘सुमन’ आणि गावात ‘सुमल’ असेल तर ‘सुमन’. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाचा घोळ प्रत्येक दुसऱ्या बाईचा असतो. प्रमाणपत्र नोंदीतल्या नावानं येतं आणि ते बँकेतल्या नावाशी जुळलं नाही की पुढं त्रास.

दुसरी नोंद स्वयंसेवकाची. ही तुम्ही तुमच्या फोनवरून करायची. ओटीपी येतो तेव्हा रेंज असलेल्या जागी उभे राहा. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरं काम जोडणीचं. शाळेत याला ‘टॅगिंग’ म्हणतात. कुठला शिकणारा कुठल्या स्वयंसेवकाकडे, हे ॲपवर जोडावं लागतं. साधारण दहा जणांमागं एक स्वयंसेवक धरतात. दोन्ही नोंदी झाल्या पण जोडणी राहिली, असं कायम होतं. शिक्षक म्हणतात “झालं”, आपण घरी येतो, आणि नाव लटकलेलं राहतं. जोडणी झाल्यावर त्यांच्या फोनवर तुमच्या नावाखालची यादी उघडून डोळ्यांनी बघा. आपल्या वहीतल्या नावांवर टिक करत जा.

हे सगळं दिवाळीच्या आत झालं तर उत्तम. परीक्षेला फक्त ॲपवर नोंद असलेल्यांनाच बसता येतं. फेब्रुवारीत “माझंबी नाव घाल की गं” म्हणत चार जणी येतात, तेव्हा शाळा कामात बुडालेली असते.

## ६. वर्गाची वेळ शेती ठरवते

कागदावर रोज संध्याकाळी सात ते आठ लिहिणं सोपं आहे. प्रत्यक्षात भांगलण, सोयाबीनची काढणी, ऊसतोड, तासगाव-पलूसकडे द्राक्षांची छाटणी आणि मग विरळणी, हळदीचा हंगाम, यात्रा, लग्नसराई. या सगळ्यातून जे आठवडे उरतात त्यात वर्ग. जुलै-ऑगस्टमध्ये भांगलणीची धांदल ओसरली की सुरू करावा, गणपतीत बंद, पुन्हा नवरात्रापासून. द्राक्षपट्ट्यात तर छाटणीच्या दिवसांत वर्गाचं नावच काढू नये.

वेळ बायकांनी ठरवायची. आमच्याकडे दूध घालून झालं की, म्हणजे साडेसातनंतर. काही ठिकाणी दुपारी दोन ते तीन. जागा देवळाची नको असं माझं मत. तिथं पुरुष मंडळी बसलेली असतात आणि बाई पाटी पदराखाली लपवते. अंगणवाडीची खोली बरी. भिंतीवर चित्रं असतात, तक्ते असतात, आणि लहान पोरांना सोबत आणता येतं.

पहिल्या आठवड्यात कुणीतरी म्हणणारच, “आता हितनं फुडं काय मास्तरीन व्हायचंय व्हय मला?” त्याला भाषणानं उत्तर देऊ नका. त्याचं उत्तर पुढच्या पायरीत आहे.

## ७. काय शिकवायचं, कुठून सुरू करायचं

शाळेतून मिळणारी पुस्तिका चांगली आहे आणि तीच धरून चालायचं आहे, कारण परीक्षा तशीच असते. तरी पहिले पंधरा दिवस मी पुस्तिका उघडत नाही.

सुरुवात आकड्यांपासून. मोठ्या माणसाला हिशेब येत असतो, फक्त लिहिता येत नसतो. आठवड्याच्या पगाराचा, उधारीचा, भिशीचा हिशेब ती बोटांच्या पेरांवर मास्तरापेक्षा लवकर करते. तिला शून्यापासून शिकवायला गेलात तर तिचा अपमान होतो. मोबाइल नंबर लिहायला शिकवा: आधी स्वतःचा, मग मुलीचा. दहा आकडे आले की सगळे अंक आपोआप आले. आणि एक फायदा, घरी गेल्यावर ती लेकीला स्वतः फोन लावते. त्या दिवशीपासून “मास्तरीन व्हायचंय व्हय” बंद होतं.

दुसरी वस्तू डेअरीची पावती. आमच्या भागात घरटी म्हैस किंवा गाय आहेच. दूध घातलं की छापील चिठ्ठी मिळते: तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग), दर, रक्कम. वर्गात सगळ्यांनी आपापल्या आठवड्याच्या चिठ्ठ्या आणायच्या. आधी फक्त तारीख शोधायची. मग लिटर. मग फॅट, म्हणजे टिंब आलं. ६.५ मधला टिंब काय करतो हे पुस्तिकेतून समजवायला गेलं तर तास जातो, पण म्हशीच्या फॅटचा ६.५ आणि ६.२ यातला फरक बाईला पैशात माहीत असतो. मग लिटर गुणिले दर बरोबर रक्कम आहे का ते ताळून बघायचं. आमच्या वर्गातली एक काकू दोन महिन्यांनी चिठ्ठी घेऊन थेट डेअरीत गेल्या आणि विचारलं, “काल फॅट सहा लागलं, आज पाच पॉइंट चार कसं काय वो?” म्हशीला उन्हाळा लागला होता, डेअरीवाल्याचा काही दोष नव्हता. पण काकूंनी चिठ्ठी वाचून प्रश्न विचारला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला तीन नवीन बायका आल्या.

अक्षरांचंही तसंच. ‘अ अननसाचा’ म्हणून सुरू करू नका, अननस कुणी रोज खात नाही. स्वतःचं नाव, मग मुलांची नावं, मग गावाचं नाव. नावातली अक्षरं तोडून नवीन शब्द बनवायचे. ‘कमल’ लिहिता आलं की कम, कल, मल, कलम हे सगळं हाताशी आलं. काना-मात्रा-वेलांटी एकेक, एका आठवड्याला एक. जोडाक्षरांना घाई नको. ‘ज्ञानेश्वर’ वाचायची हौस सगळ्यांना असते, पण तिथं पोचायला हिवाळा उजाडतो.

हात वळणं हा वेगळा त्रास आहे. खुरपं धरून राठ झालेल्या बोटांत पेन्सिल घसरते. जाड खडू आणि मोठी पाटी घ्या, जमिनीवर पाणी शिंपडून काडीनं गिरवू द्या. पेन शेवटी. पण परीक्षा पेननं असते, तेव्हा जानेवारीपासून रोज पेन हातात पाहिजेच.

वाचनासाठी घरात आहे तेच आणा: लाइटबिल, रेशन कार्ड, बियाण्याची पिशवी, गोळ्यांचं पाकीट, एसटीची पाटी, लग्नपत्रिका. औषधाच्या बाटलीवर ‘विष’ हा शब्द ओळखता येणं शेतकरी घरात किती मोलाचं आहे ते सांगायला नको. पुस्तकांची हौस लागली की गावातलं ग्रंथालय. जमलं तर एखाद्या रविवारी महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला घेऊन जा. पुस्तकांचं गाव म्हणून ते २०१७ पासून ओळखलं जातं, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, आणि हात लावला म्हणून कुणी ओरडत नाही. आमच्या बायकांनी स्ट्रॉबेरीही खाल्ली आणि पाट्याही वाचल्या. वाचनापेक्षा स्ट्रॉबेरीची चर्चा जास्त झाली, चालायचंच.

## ८. परीक्षा

तिचं लांबलचक नाव आहे: पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मूल्यमापन चाचणी. राज्यात २०२४ ला ती १७ मार्चला झाली, २०२५ ला २३ मार्चला. दोन्ही रविवार. पुढची तारीख शाळेकडे येते, तिथं विचारत राहा.

पेपर १५० गुणांचा, वेळ तीन तास. तीन भाग: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के, म्हणजे १७ गुण लागतात. इथं एक खाच आहे. एकूण बेरीज कितीही झाली तरी एका भागात कमी पडले तर नापास नाही म्हणत, ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा येतो आणि पुन्हा बसता येतं. आमच्याकडे बायका संख्याज्ञानात पैकीच्या पैकी घेतात आणि लेखनात अडकतात. म्हणून शेवटचा महिना लेखनाला द्या: नाव, पत्ता, पाच-सहा शब्दांची वाक्यं.

केंद्र तीच शाळा, जिथं नोंद आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात आपल्या सोयीनं यायचं आणि तीन तासांत पेपर द्यायचा. ही सवलत कामाची आहे. सकाळी गोठा उरकून, स्वयंपाक करून अकराला आलं तरी चालतं. फक्त चार वाजता येऊ नका, पाचला गोळा करतात. दिव्यांग असतील तर जास्तीची तीस मिनिटं मिळतात, आधीच सांगून ठेवा.

सोबत: ओळखपत्र, फोटो, निळं किंवा काळं पेन आणि पुन्हा सांगते, चष्मा. घाबरून हात थरथरतात, तेव्हा आदल्या आठवड्यात जुन्या पेपरसारखा एक सराव पेपर शाळेच्या बाकावर बसवून सोडवून घ्या. बाकावर बसायचीच सवय नसते. लेकी-सुनांना सांगा, त्या दिवशी जनावरांचं पाणी त्यांनी बघायचं.

आणि एक ताकीद. “आजीच्या जागी नात बसू दे, कोण बघतंय” असं सुचवणारा महाभाग प्रत्येक गावात असतो. उद्दिष्ट पुरं करायच्या नादात काही जण डोळेझाकही करतात. अशानं आजीला कागद मिळतो आणि डेअरीची चिठ्ठी ती पुन्हा शेजारणीलाच दाखवते.

## ९. प्रमाणपत्र आल्यावर

गुणपत्रक आणि प्रमाणपत्र शाळेतून मिळतं. प्रमाणपत्रावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं नाव असतं. नावातलं स्पेलिंग तिथंच, मुख्याध्यापकांसमोर तपासा. हे चौथी किंवा पाचवी पास झाल्याचं प्रमाणपत्र नव्हे, त्यामुळे नोकरीच्या जाहिरातीत ‘चौथी पास’ मागितलं असेल तर ते चालेल असं कुणाला सांगू नका.

बँकेचं काम लगेच करा. ज्यांच्या खात्यावर अंगठा आहे त्यांनी शाखेत जाऊन सहीचा नमुना बदलून घ्यायचा. आधार, पासबुक, फोटो न्या. पण त्याआधी सही पक्की झाली पाहिजे. रोज वेगळी सही आली तर पैसे काढताना कॅशियर परत पाठवतो आणि बाई रडकुंडीला येते. वळणदार सही नकोच, पूर्ण नाव साध्या अक्षरात. आधी वहीची दोन-चार पानं भरून तीच ती सही येते का बघा, मग बँक.

पुढं शिकायचं असेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. पाचवी, आठवी, दहावी, बारावी अशा परीक्षा तिथं देता येतात. शाळेत कधीच न गेलेल्यांना पाचवीपासून सुरुवात करता येते. नेहमीच्या बोर्डाची दहावी बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म, त्याची चौकशी जवळच्या हायस्कुलात करा. तरुणांना हे आवर्जून सांगते, कारण १९९५ पासून पुढं जन्मलेल्या कुणाला सरपंचपदाला उभं राहायचं तर सातवी पास असावं लागतं. आमच्या वर्गातल्या एका पोरीनं हे ऐकलं आणि आठवीचा फॉर्म कुठं मिळतो ते त्याच संध्याकाळी विचारलं. सध्याच्या सरपंचांना ते फारसं आवडलेलं नाही.

हाताला काम हवं असेल तर जन शिक्षण संस्थानं नावाची केंद्राची योजना आहे. निरक्षर, नवसाक्षर आणि अर्ध्यात शाळा सुटलेल्या १५ ते ४५ वयाच्या लोकांना शिवण, वायरमन, ब्यूटी पार्लर असले कोर्स तिथं शिकवतात. पूर्वी ही संस्थानं शिक्षण खात्याकडे होती, २०१८ पासून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली, त्यामुळे शाळेत विचारून पत्ता लागत नाही. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात किंवा उमेदच्या तालुका कक्षात विचारा. महिलांना फी नसते. कुणी मागितली तर पावती मागा.

जे पहिल्या खेपेत राहिले त्यांची नावं वहीत वेगळ्या पानावर उतरवून ठेवा आणि शाळा उघडल्या-उघडल्या, जूनमध्येच, त्यांची नोंद आणि जोडणी अजून चालू आहे का ते मुख्याध्यापकांच्या फोनवर बघून या.